मामाचा आमच्याकडचा आठवडा

माझ्या मामाला चालू वस्तू आवडत नाही. नीट चालणाऱ्या पंख्याकडे तो ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने लोक सासुरवाडीत मुक्काम ठोकलेल्या जावयाकडे बघतात. सगळा जन्म त्याने करंज्याच्या बंदरात मच्छीमार बोटींच्या इंजिनांत हात घालून काढला. बोटीवर जाणं सुटलं, हात मात्र अजून कशात तरी घालायला लागतात.

मामीचा गुडघा बदलायचं ऑपरेशन पनवेलला झालं, तेव्हा दोघं आठवडाभर आमच्या करंजाडेच्या फ्लॅटवर राहायला आली. त्यांना मूलबाळ नाही, मीच काय ती भाची. मामीला आतल्या खोलीत निजवलं आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत मामाने वर बघून विचारलं, "बाय, यो पंखा हाय का हेलिकॉप्टर?" पंखा तासाभरात उतरला. संध्याकाळी पुन्हा चढला तेव्हा आवाज गेला होता, पण तो आता फक्त पाच नंबरवर चालायचा. मामाने दुरुस्त केलेली वस्तू चालते, फक्त स्वभाव बदलून चालते. दुसऱ्या दिवशी बाथरूमचा गळका नळ त्याने असा आवळला की तो उघडायला माझ्या नवऱ्याला हाक मारावी लागायची. मग दाराची बेल झाली. आधी ती चिवचिवायची, आता बंदरात बोट शिरल्यासारखी भोंगा देते.

मधल्या वेळात त्याचे बाकीचे उद्योग चालू असत. आमच्या इमारतीवरून विमानं जातात. मामा गॅलरीत उभा राहून डोळे मिटून ती ऐकायचा आणि निदान सांगायचा, "याचं डावं इंजिन खोकतंय. पोचंल, पन खोकत पोचंल." शिवाय गच्चीवर जुन्या मच्छरदाणीचा पिंजरा करून त्यात त्याने बोंबील वाळत घातले. वास सगळ्या इमारतीत फिरला आणि सोसायटीचे सेक्रेटरी तक्रार घेऊन आले. त्यांनी बेल दाबली, भोंगा वाजला, बिचारे दोन पायऱ्या मागे गेले. मामाने त्यांना आत बसवून पाणी दिलं, बोंबील कसा वाळवायचा ते समजावलं, त्यांचा चष्मा काढून घेऊन दांडीचा स्क्रू आवळला. सेक्रेटरी तक्रार विसरून घरी गेले. चष्मा मात्र तेव्हापासून त्यांच्या नाकावर जरा तिरका बसतो.

पण आत मामी उठत नव्हती. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, व्यायाम करून घेणारी मुलगी रोज येऊन विनवत होती. मामी भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "यो गुडघा माजा नाय, डॉक्टरचा हाय. त्यालाच चालूंदे." ऐन उमेदीत करंज्याच्या मासळी-लिलावात जिचा आवाज अख्ख्या बंदराला ऐकू जायचा, ती बाई पडायच्या भीतीने पाय खाली टेकवेना. मामा दारात यायचा, बघायचा, परत फिरायचा आणि आणखी काहीतरी उघडायचा.

शुक्रवारी स्वयंपाकघरात बसून त्याने मिक्सर खोलायला घेतला. माझ्या लग्नात मामीने दिलेला, एक दिवसही न बिघडलेला मिक्सर. जमिनीवर स्क्रू पडल्याचा आवाज झाला.

"अवो, काय खोलताय?" आतून मामी ओरडली.

"काय नाय. मिक्सर."

"चांगला चालताय ना त्यो! ठेवा खाली! मी काय सांगते?"

मामाने पुढचा स्क्रू सैल करायला घेतला. मी पोळी लाटत होते. मागे काहीतरी घासल्यासारखं वाटलं म्हणून वळले, तर स्वयंपाकघराच्या दारात मामी उभी. एक हात भिंतीला, दुसरा कमरेवर. "बंद करा म्हनते ना! पोरीच्या घरात एक वस्तू धड ठेवू नका!"

मी लाटणं हातात धरून तशीच राहिले. मामाने मान वर केली नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूवरून घसरलं, पुन्हा घसरलं. मग तो म्हणाला, "आलीच हायस तर यो स्क्रू धर."

मामीने धरला. पुढचा अर्धा तास भिंतीला टेकून तिने मामाचा उद्धार केला आणि आपल्या पायांनी खोलीत परत गेली. दुसऱ्या दिवशी ती गॅलरीपर्यंत आली.

रविवारी त्यांची गाडी आली. मामी काठी टेकत स्वतः जाऊन बसली. मामाने हत्यारांची पिशवी माझ्याकडे दिली आणि वाकून चपला घालू लागला. मी हळूच म्हटलं, "मामा, मिक्सर मुद्दाम खोललास ना? मामीला उठवायला?" तोवर मी मामाची ही हुशारी अर्ध्या इमारतीला सांगूनही आले होते.

मामा सरळ झाला. गाडीकडे बघत म्हणाला, "नाय गं बाय. मुद्दाम कसलं? मला काय सुचतच नव्हतं. ती उठली नसती तर मी काय केलं असतं? हात मोकळे राह्यले की थरथरायचे, म्हनून गावंल ते खोलत बसलो."

"अवो, येताय का ठेवू तुमाला हितंच?" गाडीतून मामीची हाक आली.

"आलो, आलो," म्हणत तो इतक्या लगबगीने गेला, की हत्यारांची पिशवी माझ्याच हातात राहिली.