हादऱ्यांच्या वर्षातलं लिटरेचर

बारावीला मी इंग्रजी लिटरेचर घेतलं तेव्हा मॅडम म्हणाल्या होत्या, "विचार करून घे हं, हा विषय पाठांतरानं निघत नाही." मी घेतलाच. घरात पहिली शिकणारी मी. कोणी भीती घातली की मला जास्तच चेव येतो. पण त्या वर्षी दिवाळीनंतर जमीनच हलायला लागली, आणि तिच्यापुढे माझा चेव चालेना.

तलासरीजवळच्या आमच्या पाड्यात सगळे अंगणात प्लास्टिक बांधून झोपू लागले. हायवेवर अच्छाडकडून भरलेला ट्रक आला तरी, ट्रक की हादरा हे कळायच्या आत मी पुस्तक टाकून उभी. शेवटी पुस्तकाशेजारी पाण्याची बाटली ठेवायला शिकले. ट्रकनं पाणी नुसतं थरथरायचं, हादऱ्यानं एका अंगाला डुचमळायचं. एक डोळा ओळीवर, एक पाण्यावर, असा सगळा अभ्यास. मॅडमही वर्ग आंब्याखाली घ्यायच्या. एक गोष्ट होती आम्हाला: पूर येतो, गाव रिकामं होतं, पण एक म्हातारा काही केल्या घर सोडत नाही. का सोडत नाही, हा हमखास येणारा प्रश्न. गाइडमध्ये उत्तर होतं, मातीवरचं प्रेम. मला ते पटायचं नाही. घर हललं की प्रेमबिम सुचत नाही, पाय पळतात.

परीक्षेचं सेंटर आलं डहाणूला, दुसऱ्या मजल्यावर.

"नाय जायचं," बाबा म्हणाले. "आपलं घर पडलं तर कौलं पडतील. तिथं स्लॅब हाय."

"मग वर्ष जाईल."

"जाऊ दे. तू तर राहशील."

आई मध्ये पडली. "तुम्ही जा ना तिच्यासंगं. इथं बसून तरी काय थांबवताय?"

ठरलं असं, की बाबा गेटबाहेर थांबणार आणि त्यांनी हाक मारली की मी पेपर टाकून खाली यायचं.

शेवटचा प्रश्न त्या म्हाताऱ्याचाच होता. लिहायला घेतला आणि बाटलीतलं पाणी एका अंगाला गेलं. बाकं करकरली. पोरं उठली.

"मालगाडी आहे, मालगाडी! बसा, लिहा!" सुपरवायझर सर ओरडले, पण ते स्वतः दारात पोचले होते. गाडीचा आवाज कुठेच नव्हता. खालून बाबांचा आला. "बाय! ये खाली! बाय गं!"

एक पाय मी बाकाबाहेर काढला होता. समोर अर्धं वाक्य. पाय आत घेतला आणि लिहिलं, की म्हातारा शूर नव्हता; एकदा उठलो तर परत इथं बसता येणार नाही, याची त्याला पुराहून जास्त भीती होती.

हादरा थांबला. पेपर देऊन बाहेर आले तर बाबांचा शर्ट घामानं भिजलेला. आम्ही एसटी धरली. सरावली गाव मागे पडल्यावर बाबा म्हणाले, "हाक ऐकू नाय आली?"

"आली."

"मग?"

"एक प्रश्न राहिला होता." मी त्यांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली.

"येडा हाय तो." मग माझ्याकडे वळून, "वाचला का पण?"

"ते सांगितलेलं नाही. गोष्ट तिथंच संपते."

"आणि त्याची माणसं? ती बाहेर उभी, त्यांचं काय?"

पुढचा पेपर अजून बाकी होता, तोही दुसऱ्या मजल्यावरच. बाबांनी माझ्या हातातली बाटली घेतली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.