ओव्याची धुरी

माझं पहिलं बाळंतपण माहेरी, सानगडीला झालं. बाळंतिणीच्या खोलीला एकच खिडकी, आणि तिच्या फटींतही आईनं चिंध्या कोंबलेल्या. खाटेखाली धानाच्या कोंड्याची शेगडी दिवसभर धुमसायची. वरून सकाळ-संध्याकाळ ओव्याची धुरी. बाळाला वारा लागू नये म्हणून हा सगळा खटाटोप!

विसाव्या दिवशी लेकरू खोकायला लागलं. आई म्हणाली, "सर्दी झाली त्याले. धुरी जास्त द्या लागते." धुरी वाढली तसा खोकला वाढला. खोकला वाढला म्हणून आणखी धुरी! कुठं डोकं आपटावं माणसानं? दूध ओढतानाही लेकराला दम लागायचा, मध्येच सोडून द्यायचं. माझा जीव नुसता टांगणीला.

शेवटी भांडूनतंडून मी त्याला एसटीनं साकोलीच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, "धुरातली बारीक काजळी पार आतपर्यंत जाते, फुफ्फुसाला सूज आणते. लेकराची ताकद त्या सुजेशी झगडण्यातच संपते. मग साधी सर्दीही छातीत उतरते. आधी धूर बंद करा."

घरी येऊन आईला सांगितलं, तर म्हणे, "त्या डाक्टरनं किती बाळंतपणं केली? तू नाही वाढली का याच धुरीत?"

"मंग दर थंडीत माही छाती काहून भरते?"

"ते तुहं नशीब!"

घ्या! मी लेकराला उचललं अन् सरळ ओसरीवर खाट टाकली. आईनं दोन दिवस अबोला धरला. शेजारणी येऊन माझं डोकं फिरल्याचं सांगून गेल्या. पण औषध चालू होतं, हवा मोकळी होती. आठवडाभरात लेकरू पोटभर पिऊन शांत झोपायला लागलं. तर एका सकाळी आई शेजारणीला सांगते कशी, "माही धुरी लागू पडली, उशिरानं का होईना!" मी कपाळावर हात मारून घेतला.

त्याच सकाळी बाळाला मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले होते, स्वतःवर भारी खूश. आत ओलं लाकूड पेटत नव्हतं. आई फुंकणीनं चूल फुंकत होती, खोकत होती, डोळे पुसून पुन्हा फुंकत होती. डॉक्टरांचा शब्द न् शब्द मला पाठ होता. आठवलं की आजही स्वतःचाच संताप येतो. मी तिथूनच ओरडले, "आई वं, चहा झाला का नाही अजून?"