अम्माचा अंगठा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, देवापुढंसुद्धा नाही — देवापुढं मी बदली आणि प्रमोशनचंच बोलते. आणि आता सांगतेय ते मन हलकं करायला नव्हे. राग येतो म्हणून सांगतेय. लई राग येतो. कुणाचा? ऐका, मग कळेल.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची गोष्ट. सोलापुरातल्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, सरकारी सेवेत जाऊन लोकांची कामं करू म्हणणाऱ्या मुलामुलींसाठी. दोन वर्षं पुण्यात राहणं, क्लास, पुस्तकं, सगळं ट्रस्टकडून. आमच्या कॉलेजातून एकच जण घ्यायचे. मी आणि पद्मा, दोघींनी एका बाकावर बसून अर्ज भरला.

पद्मा सोलापूरच्याच पूर्व भागातली. घरात तेलुगू बोलायचे. वडील गेलेले, आई विड्या वळायची. गल्लीच तिला अम्मा म्हणायची, मग मीही. मी वैरागची, हॉस्टेलवर राहायचे, आणि रविवारी मेस बंद. म्हणून दर रविवारी मी अम्माकडं जेवायला. तिच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, बोलता बोलता हात चाललेले. विडीची टोकं दुमडून दुमडून तिच्या अंगठ्याच्या रेषाच गेल्या होत्या. रेशन दुकानात मशीन आलं आणि तिचा अंगठा काही उमटेना. चारदा परत पाठवलं. दुकानदार म्हणाला, लिंबू चोळून या. तिनं लिंबू चोळलं, खोबरेल लावलं, उपयोग शून्य. महिनाभर धान्य नाही. मला भात वाढता वाढता अम्मा हसून म्हणाली होती, "मशीन म्हनतंय, ही बाई मी न्हाय."

त्या महिन्यातही मी चारही रविवार जेवले. तो तांदूळ कुठून आला, हे मी विचारलं का? छे!

आता शिष्यवृत्तीच्या मुलाखतीचं. अभ्यासिकेतले सीनियर सांगायचे — तिथं मार्क बोलत नाहीत, घर बोलतं. आईचं काहीतरी सांगा, डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. माझ्या घरचं काय सांगणार? वडिलांचं वैरागात खतांचं दुकान. उत्पन्नाचा दाखला त्यांनी कसा काढला ते विचारूच नका. आईनं जन्मात खुरपं धरलं नव्हतं. पाणी यावं असं आमच्या घरात काही घडलंच नव्हतं, आणि मला त्याची लाज वाटत होती. चांगल्या नशिबाची लाज — आहे की नाही कमाल?

पद्मा अम्माचं सांगणार, हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणू? ठाऊक होतं. आदल्या दिवशी तिनं मला सगळं म्हणून दाखवलं होतं. ती चुकेल तिथं मी तिचं मराठी सुधारून दिलं होतं. म्हणजे बघा.

यादीत माझं नाव तिच्या आधी. आत गेले. सेवेत का यायचंय, असं विचारलं, आणि मी सुरू झाले. काही ठरवून बोलले नाही, ओघात आलं — असं मी स्वतःला कैक वर्षं सांगत आले. थापा. दाराच्या कडीला हात लावला तेव्हाच ठरलं होतं. विडीच्या जागी मी खुरपं घातलं. माझी आई शेतात खुरपते, तिचा अंगठा झिजलाय, मशीनवर उमटत नाही. लिंबू घेतलं, खोबरेल घेतलं. अम्माचं ते वाक्यसुद्धा घेतलं. समोरच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

मग पद्मा आत गेली. दहा मिनिटांत मला परत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, दोघींची गोष्ट एकच कशी, नक्की कुणाची आई ही?

"माझी," मी म्हणाले.

तेवढ्यावर थांबले असते तरी — नाही, तरीही गुन्हा तोच. पण मी थांबलेच नाही. पुढं म्हणाले, मीच हिला रूमवर सांगितलं होतं, हिनं ते पाठ केलं असेल. कुणी विचारलं नव्हतं मला! पद्मा घाबरली की तिचं मराठी अडखळायचं, मध्येच तेलुगू यायचं. ती एवढंच म्हणत राहिली की सर, घरी चला, जवळ आहे. रिक्षानं पंधरा मिनिटं. एकही माणूस खुर्चीवरून उठला नाही. मी न अडखळता बोलले, म्हणून मी खरी. संताप होतो मला त्या माणसांचा, चहा पीत गरिबी ऐकणाऱ्यांचा. पण त्यांच्या आड मी लपणार नाही. ते आळशी होते. खोटी मी होते.

गेटवर पद्मा उभी होती. रडत नव्हती.

"स्कॉलरशिप पाहिजे होती तर घ्यायचीस की," ती म्हणाली. "अम्मा कशाला घेतलीस?"

खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात. मी तर वासेच उपटून नेले.

पुढं काय? मी पुण्याला गेले, परीक्षा पास झाले, आज तहसील कार्यालयात खुर्ची आहे. पद्माचं कॉलेजनंतर शिक्षण थांबलं. ती शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात काज-बटणं करते. हेही दुसरीकडून कळलं. मी त्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

आणि ट्रस्ट मला दरवर्षी बोलावतं, नव्या मुलांपुढं बोलायला. मी जाते. अंगठ्याचं सांगते. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, आता सगळं बसलंय. टाळ्या ठरलेल्या. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच.

यंदा ते म्हणाले, त्या माउलीचाच सत्कार करू. नाही म्हणता आलं असतं. आजारी आहे म्हणता आलं असतं. मी वैरागहून आईला घेऊन आले. तिला वाटलं, लेक साहेब झाली म्हणून मान. तिला शाल घातली, नारळ दिला, पहिल्या रांगेत बसवलं. मग मी बोलायला उभी राहिले आणि तिच्या तोंडाकडं बघत सगळं सांगितलं. तिनं आयुष्यात न केलेली खुरपणी, तिचा न झिजलेला अंगठा. पोरं उठून तिच्या पाया पडली. ती बिचारी गोंधळून प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होती.

परत जाताना गाडीत तिनं शालीची घडी घातली, नारळ मांडीवर घेतला. मग म्हणाली, "ती बाई कोन हाय गं? अंगठ्याची?"

"कुणी नाही आई," मी म्हणाले. "भाषणात असं काहीतरी सांगावं लागतं."

"व्हय," म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली.

कुणी नाही. माझ्याच तोंडचं आहे हे. तिचं नाव नरसम्मा. मी तिच्या हातचं जेवले आहे.