तासाला दोन चमचे

मुंबईच्या इस्पितळाने "आता घरीच न्या" म्हणून सासूबाईंना परत पाठवलं, तेव्हा मी ऑफिसात महिन्याची रजा टाकली आणि पहिल्याच दिवशी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर वेळापत्रक लिहून भिंतीला लावलं. औषधं, पेज, कूस बदलणं, अंग पुसणं. कामाची आखणी करण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नव्हतं, आणि हे मी कोणाला विसरूही देत नसे. भेटायला येणारे आधी सासूबाईंकडे बघायचे, मग त्या कागदाकडे, आणि म्हणायचे, "सून असावी तर अशी." मी नाही नाही म्हणायचे आणि कान देऊन ऐकायचे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला ब्लॉक घेतला होता. ब्लॉक चांगला ऐसपैस, नळ मात्र कोरडे. पाणी एक दिवसाआड यायचं, तेही तासभर. तेवढ्यात पिंप, बादल्या, पातेली, सगळं भरून घ्यायचं. सासूबाईंच्या अंगाखाली मेणकापड आणि त्यावर जुन्या लुगड्यांच्या घड्या घातलेल्या असायच्या. त्या पाणी प्यायल्या की घडी भिजायची, भिजली की धुवायची. दिवसाला आठ-दहा घड्या व्हायला लागल्या आणि पिंपाचा तळ दिसायला लागला, तेव्हा मी वेळापत्रकात एक ओळ वाढवली. पाणी, तासाला दोन चमचे.

डॉक्टरांनी नेमकं उलट सांगितलं होतं. केबिन रोडला त्यांचा दवाखाना होता, घरी येऊन बघून जायचे. एकदा निघताना दारात मला एकटीला म्हणाले, "आता पथ्य वगैरे काही नाही. मागतील तेव्हा पाणी पाजा. तोंड कोरडं पडू देऊ नका." नवऱ्याला मी सांगितलं, डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलंय. सासूबाईंनाही तेच सांगितलं. डॉक्टरांचा शब्द म्हटल्यावर त्यांनी गुमान मान हलवली. खोटं बोलले याची लाज वाटतेच, पण आवाज जराही न हलता बोलले, याची जास्त वाटते.

शेजारच्या गुजराती बेन रोज डोकावायच्या. एकदा म्हणाल्या, "भाभी, बा के होंठ तो देखो. पानी कम पड़ता है तो हमारे ड्रम से ले लो ना."

"पानी बहुत है," मी म्हटलं. "डॉक्टरने मना किया है."

दुसऱ्यांच्या घरून बादली आणायची म्हणजे माझी आखणी फसली हे कबूल करायचं, आणि ते माझ्याने होईना. एका भिंतीपलीकडे पाणी होतं. मी ते आणलं नाही.

देवघरात गंगेचा गडू होता. सासूबाईंनीच काशीहून आणलेला, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. अखेरच्या क्षणी तोंडात घालायचं पाणी, म्हणून इतक्या वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. एका दुपारी त्यांनी तिकडे बोट केलं.

"त्यातलं देतेस का ग थोडं?"

"आई, ते शेवटी असतं."

"मग त्याला नाही ना डॉक्टरांची मनाई?"

थट्टा करत होत्या की खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. मी नाही म्हटलं. "बरं," म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. पुढच्या दोन चमच्यांना अजून वीस मिनिटं होती. मी घड्याळाकडे बघत बसले.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा श्वास अडखळायला लागला. नवऱ्याने पकडीने गडूचं तोंड उचकटलं, मी तुळशीचं पान आणलं. त्याने चमच्याने पाणी घातलं. गळा हललाच नाही. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. त्याने पुन्हा घातलं, ते पुन्हा बाहेर आलं. भिजू देत सगळ्या घड्या, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. गडू जवळजवळ भरलेलाच राहिला.

डॉक्टर दाखला लिहायला आले. नवऱ्याने हात जोडले. "तुम्ही सांगितलंत तसंच सगळं केलं हिने. पाणीसुद्धा तासाला दोन चमचे. एक चमचा जास्त दिला नाही."

डॉक्टरांनी भिंतीवरचा कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खाली मान घालून बोटांत तुळशीचं पान चुरगळत होते.

"हो," ते नवऱ्याला म्हणाले, "मीच सांगितलं होतं." आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

नवरा अजूनही आल्यागेल्याला त्या वेळापत्रकाबद्दल कौतुकाने सांगतो. तो सांगायला लागला की मी चहा ठेवायला उठते.