बुधवारची कबुली

तो माणूस आता बहुधा हयात नसेल. असलाच तर इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यात शेजाऱ्यांना शिस्त लावत बसला असेल. आम्ही वसईची कॅथलिक माणसं मेलेल्यांसाठी नेमाने प्रार्थना करतो. जिने मला लग्नानंतर वर्षभर टोमणे मारले त्या चुलत सासूसाठीही मी केली आहे. या माणसासाठी केलेली नाही आणि करणारही नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, वाळवंटाच्या पार टोकाला, एका तेल कंपनीची वसाहत होती आणि तिच्या दवाखान्यात मी नर्स होते. नवरा दोहात एका ऑफिसात कामाला. तिथल्या अल मुंतझा भागातल्या दोन खोल्यांत तो आणि आमची मुलगी राहायचे. मुलगी शाळेतून आली की खालच्या मजल्यावरची मंगळुरी बाई तिला सांभाळायची. मला दोहात नोकरी मिळत नव्हती आणि एका पगारात भागत नव्हतं, म्हणून मी तिकडे. गुरुवारी दुपारी कंपनीची बस दोहाला जायची आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायची. वसाहतीत टॅक्सी येत नसे आणि गेटबाहेर पडायला पास लागे. माझा सगळा संसार त्या एका बसवर चालायचा.

वसाहतीचा कारभार या माणसाकडे, म्हणजे आमच्या इंग्रज साहेबाकडे होता. कारभार म्हणजे काय, तर घरं, पाणी, मेस, बस आणि क्लब. आपल्याकडे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी लोकांच्या शिव्या खात जे काम करतो तेच. पण या गृहस्थाच्या अंगात कलेक्टर होता. तरुणपणी तो आफ्रिकेत कुठल्याशा सरहद्दीवरच्या जिल्ह्याचा अधिकारी होता. मग तो देश स्वतंत्र झाला, जिल्हा हातचा गेला, आणि त्यानंतर इतकी वर्षं तो नव्या जिल्ह्याच्या शोधातच हिंडत असणार. त्याला आम्ही सापडलो. त्याच्या ऑफिसात एक फोटो लावलेला होता. खाकी हाफ पँटमधला कोवळा साहेब खुर्चीत बसलाय आणि समोर जमिनीवर त्या मुलखातली म्हातारी माणसं उकिडवी बसलीत. दवाखान्याच्या कामासाठी तिथे गेलं की तो फोटो समोर यायचा आणि माझं डोकं फिरायचं.

आल्या आल्या त्याने आमच्या टोळ्या पाडल्या. शब्द त्याचाच. फिलिपिनो एक टोळी, पाकिस्तानी एक, इजिप्शियन एक, आणि मल्याळी, तमिळ, बिहारी, गोवेकर, आम्ही असे सगळे मिळून इंडियन टोळी. प्रत्येक टोळीला वेगळी बस आणि एकेक मुखिया. तक्रार असली तर मुखियाला सांगायची, साहेबाकडे थेट जायचं नाही. दर बुधवारी संध्याकाळी सुनावणी. चांगलं एसी ऑफिस असताना हा माणूस बाहेर कापडी मांडव घालून, लाकडी खुर्चीत बसून न्याय करायचा. आम्ही उभे. घाम पुसायचा नाही असा काही नियम नव्हता, पण तो पुसत नसे म्हणून कोणीच पुसत नसे.

आमचा मुखिया पुण्याचा, अकाउंट्समधला, पन्नाशी उलटलेला. मी त्यांना काका म्हणायचे. नेमणूक झाली तेव्हा ते हसून म्हणाले होते, काय हा पोरखेळ चाललाय. मग त्यांना वॉकीटॉकी मिळाला, मेसमध्ये खिडकीजवळचं टेबल मिळालं, आणि पोरखेळ हा शब्द पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकू आला नाही.

साहेब लोकांच्या बंगल्यांपुढचा किनारा आणि आमच्या खोल्या यांच्या मधे तारेचं कुंपण होतं. ते सारखं पडायचं. का पडायचं हे वसाहतीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. आसपास उंट मोकळे फिरायचे आणि सकाळी कुंपणाला अंग घासायचे. उंटाने मनापासून अंग घासलं की खांब वाकतो आणि तार तुटते. दवाखान्याच्या खिडकीतून मी हे रोज बघायचे. पण उंट होते तिथल्या बड्या कतारी घराण्यांचे, आणि त्यांना जाब विचारायची साहेबाची छाती नव्हती. म्हणून त्याने जाहीर केलं की समुद्रावर जायला इंडियन टोळीतल्या कोणीतरी तार कापली आहे. ज्याने कापली त्याने बुधवारी येऊन कबूल करावं, नाहीतर सगळ्या टोळीची बस बंद.

पहिल्या गुरुवारी आमची बस खरंच सुटली नाही. बाकीच्या टोळ्या आमच्या डोळ्यांदेखत चढून गेल्या. मी भरलेली पिशवी घेऊन खोलीत परत आले आणि संतापाने रडले.

त्यावर काकांनी तोडगा काढला. तो इतका आपल्या लोकांच्या स्वभावाचा होता की मला आजही हसू येतं, आणि मग हसल्याचा राग येतो. सोसायटीत गणपतीच्या आरतीचे नंबर लावतात तसे त्यांनी गुन्ह्याचे नंबर लावले. तार तुटली की खोल्यांच्या क्रमाने एकाने जायचं, मी कापली म्हणायचं, मान खाली घालायची. मग त्याची एकट्याची महिनाभर बस बंद आणि बाकीचे मोकळे.

लोकांना ते छान जमलं. ज्यांचं दोहात कोणी नव्हतं ते तर हसत हसत गेले. एका तमिळ फिटरने साहेबासमोर हात जोडून असा काही पश्चात्ताप केला की त्या दिवशी मेसमध्ये त्याला दुसऱ्यांदा खीर वाढली. एका गोवेकर इलेक्ट्रिशियनने तर तार कोणत्या पकडीने कापली तेही सांगितलं. साहेब गंभीर चेहऱ्याने ऐकायचा, दोन वाक्यं उपदेश करायचा आणि शिक्षा द्यायचा. उंट आपले सकाळी पुन्हा कुंपणाशी हजर.

हिवाळा सरताना माझा नंबर लागला. नेमकं त्याच आठवड्यात, शुक्रवारी, मुलीचं पहिलं कम्युनियन होतं, म्हणजे पवित्र भाकर पहिल्यांदा घ्यायचा विधी. तेव्हा दोहात चर्च नव्हतं, एका हॉलमध्ये मिस्सा व्हायची. पांढरा फ्रॉक माझ्या आईने वसईहून शिवून पाठवला होता. मी कबूल केलं असतं तर तो फ्रॉक घातलेली माझी मुलगी मला दिसणार नव्हती.

मी काकांकडे गेले. नंबर बदलून द्या म्हटलं, नंतर पाहिजे तर लागोपाठ दोनदा जाते. ते विचारून बघतो म्हणाले आणि मेसमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. कोणीही मान वर केली नाही. का, ते मला माहीत होतं. दवाखान्यात मी कोणाची खोटी दुखणी चालू देत नसे. पाठ धरली म्हणणाऱ्याला मी खाली पडलेला कापूस उचलून द्यायला सांगायचे, आणि तो वाकला की कामावर पिटाळायचे. त्या सगळ्या पाठी आता माझ्यासमोर बसून भात कालवत होत्या. एक मल्याळी नर्स माझ्यासाठी गेली असती, पण तिची शिक्षा अजून संपायची होती आणि तोवर साहेब तिची दुसरी कबुली घेणार नव्हता. काका म्हणाले, "सिस्टर, एकाला सूट दिली की सगळे मागतील." इतकी वर्षं हिशेब तपासणारा माणूस, पण बोलला अगदी साहेबासारखा.

संध्याकाळी मी घरी फोन केला. पहिल्या कम्युनियनच्या आधी मुलांचं पहिलं कन्फेशन असतं. फादरजवळ जाऊन आपली पापं सांगायची. मुलगी त्याने हैराण झाली होती, कारण तिच्याकडे पापं पुरत नव्हती. वर्गातल्या मैत्रिणीने चांगली पाच जमवली होती, हिच्याकडे दोनच. माझं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून यायचं.

"मम्मी, कॅन आय मेक अप वन?"

"नाही. जे केलं नाही ते कधी कबूल करायचं नाही. ते पण खोटं बोलणंच झालं."

"ओके," ती म्हणाली आणि गुरुवारी नक्की येणार ना म्हणून विचारलं. मी नक्की म्हटलं. फोन ठेवला आणि मग लक्षात आलं की आता मला बुधवारी मान खाली घालता येणार नाही.

मांडवात साहेबाने नेहमीच्या सुरात विचारलं, तार तू कापलीस का. मी म्हटलं, नाही, उंटांनी पाडली, तुमच्या खिडकीतूनही ते दिसत असणार. मागे काकांच्या वॉकीटॉकीची खरखर तेवढी ऐकू येत होती.

साहेब चिडला नाही. उलट, इतक्या दिवसांनी कोणीतरी बोलायला मिळालं असा त्याचा चेहरा झाला. त्याने मला शांतपणे सांगितलं की उंट तो रोज बघतो. त्याच्या जुन्या जिल्ह्यातही असंच असायचं, गुरं एकाने पळवलेली आणि दंड भरायला तिसराच. "मला गुन्हेगार नकोच आहे, सिस्टर," तो म्हणाला. "दर बुधवारी तुमच्यातलं कोणीतरी इथे येऊन उभं राहतं, एवढं मला पुरतं."

मग त्याने निकाल दिला. कबुली आली नाही, तेव्हा इंडियन टोळीची बस बंद. पण सिस्टर खरं बोलली म्हणून या आठवड्यात बस तिच्या एकटीसाठी सुटेल. क्षणभर मला वाटलं, मी जिंकले. वळून बघितलं तर सगळे माझ्याकडे रोखून बघत होते. साहेबाकडे कोणीच बघत नव्हतं.

गुरुवारी ती सगळी मंडळी बसच्या थांब्यावर येऊन उभी राहिली होती. कुठे जायचं नसताना, नुसती उभी. मी त्यांच्यामधून वाट काढत चढले आणि रिकाम्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसले. तेव्हा मी उतरायला हवं होतं असं पुढे बऱ्याच जणांनी मला ऐकवलं. मी उतरले नाही आणि त्याचं मला कधीही वाईट वाटलेलं नाही. त्यांच्यापैकी एकानेही माझ्यासाठी एक गुरुवार सोडला नव्हता.

ड्रायव्हर पठाण होता, पाकिस्तानच्या सरहद्दीकडचा. त्याने यल्ला म्हणत गाडी गेटबाहेर काढली. मग म्हणाला, "सिस्टर, हमारे इलाके में आज भी यही चलता है. एक आदमी का जुर्म, पूरा गाँव अंदर. अंग्रेज चला गया, कानून नहीं गया."

शुक्रवारी मुलगी रांगेत सगळ्यांत पुढे होती. फ्रॉक थोडा लांब झाला होता, मी हॉलच्या दारातच बसून आतून टाचला. तिने माझ्या कानात सांगितलं की तिने फादरना दोनच सांगितली. मला तिचा इतका अभिमान वाटला की मिस्साभर माझे डोळे भरून येत होते.

शनिवारी सकाळी काका दवाखान्यात आले, ब्लडप्रेशर बघायला. मी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि हवा भरायला लागले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "काल आम्ही सगळे साहेबाच्या बंगल्यावर गेलो होतो."

कशाला, असं मी विचारलं. उंटांचं खोटं आहे हे सांगायला, ते म्हणाले. उंट कुंपणाकडे फिरकतसुद्धा नाहीत. तार सिस्टरनेच कापली, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि बस चालू केली. माझी महिनाभर बंद. मात्र मी बुधवारी स्वतः येऊन कबूल केलं तर शिक्षा माफ, असंही तो म्हणाला होता.

"वाईट वाटून घेऊ नका, सिस्टर," काका म्हणाले. "तसाही तुमचाच नंबर होता."

मी पट्टा गरजेपेक्षा बराच जास्त फुगवला. खिडकीबाहेर एक मोठी सांडणी खांबाला मान घासत होती. काकांनी ती पाहिली, आणि मग भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. साहेबाचा मला राग आहे तो आहेच, पण त्याला निदान उंट दिसत होते. मी काकांना प्रेशर वाढलंय म्हणून सांगितलं आणि गोळ्या देऊन घालवलं.

दुपारी घरी फोन केला. मुलीला म्हटलं, मला महिनाभर यायला देणार नाहीत. तिने मी काय केलं ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही, पण केलं असं सांगितलं तर सोडतील.

ती म्हणाली, "देन से यू डिड इट, मम्मी. इट्स ओन्ली वन."

मी त्या बुधवारी गेले नाही, नंतरच्या बुधवारीही नाही. महिना संपत आला तेव्हा माझा फोन आला की ती आपल्या पप्पांना म्हणायची, मम्मीला सांगा मी अभ्यास करतेय.