बाजेचा चौथा पाय

जेवण होऊन अर्धा तास झालाय. नऊ वाजून गेलेत. वैशाखात खालच्या खोलीतला पंखा गरम हवाच फिरवतो, म्हणून मी गच्चीवर गोधडी टाकून पडलोय. खाली सून भांडी घासतेय, त्यांचा आवाज मध्येच लांब जातो आणि परत जवळ येतो. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत उजेड राहतो. गच्चीच्या कठड्यालगत रस्त्याचा दिवा आहे. खांब नंबर एकशे चौदा. तो मीच उभा केलाय.

मी एकतीस वर्षं रस्त्याच्या दिव्यांवर काम केलं. पहिली बारा वर्षं नुसती शिडी धरली, कारण खांबावरचा नंबर वाचता येत नव्हता. एकेचाळिसाव्या वर्षी रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकलो आणि मग शिडीवर चढलो. निवृत्तीच्या दिवशी पक्कड, हातमोजे, पट्टा सगळं जमा केलं. कोपऱ्यावर दिव्यांची लोखंडी पेटी आहे, तिची किल्ली तेवढी करगोट्याला राहून गेली. कुणी मागितली नाही, मीही दिली नाही.

पेटीतला तिसरा फ्यूज काढला की आमची गल्ली विझते.

"सरका की जरा," हौसा म्हणते. "सगळी गोधडी तुमालाच लागती व्हय?"

हौसा माझी बायको. ती पायथ्याशी बसलीय, पदर डोक्यावरून घट्ट घेऊन. तिला जाऊन दीड वर्ष झालं. ते मला आत्ताही माहीत आहे आणि त्याचं काही वाटत नाही. तेव्हाही वाटलं नव्हतं. दारात बाया रडत होत्या आणि मी मांडववाल्याला वायर कुठून न्यायची ते दाखवत होतो.

मी सरकतो.

"ह्यो कसला चंद्र टांगलाय डोस्क्यावर?"

"चंद्र न्हाई. एकशे चौदा हाय."

"मग बरोबर. चंद्र कवातरी मावळतो."

मी कठड्याला हात लावायला जातो तर कठडा नाही. नांगरलेलं रान आहे. ढेकळं पायाला लागतात. रानात मेंढरं बसवलीत, त्यांच्या लोकरीचा ओलसर वास येतोय. माझे सासरे काठी टेकून उभे आहेत. मी नवा जावई आहे, अंगावर लग्नातलाच सदरा आहे. मेंढरांच्या मधोमध एकशे चौदा नंबरचा खांब उभा आहे, पण त्याच्यावर दिवा नाही आणि त्याचं कुणाला नवल वाटत नाही.

सासरे उत्तरेला काठी करतात. "ती बाज बगा पाव्हनं. म्हातारीची बाज. चार पायांची. मागनं तीन चोर आल्यात ती उचलून न्यायला. म्हातारी जागी हाय तवर त्यास्नी नेता येत न्हाई."

बाज म्हणजे सप्तर्षी, हे मला पुढं पुस्तकात वाचायला मिळालं. धनगरांच्या रानात तिच्यावरच राखणीच्या पाळ्या ठरायच्या. बाज कलली की दुसऱ्याला उठवायचं.

"चार पाय मोजा," सासरे म्हणतात. "तीन ठळक हाईत. चौथा अंधुक असतो, चोरांच्या लगतचा. त्यो ज्याला दिसतो त्यालाच आमी राखनीला बसवतो. दिसला का?"

मला तीनच दिसतात. मागे हौसा उभी आहे, एकोणीस वर्षांची, तोंडात पदर कोंबून हसतेय.

"दिसला," मी म्हणतो.

"मग बसा."

मी बसतो आणि डुलकी लागते. डोळे उघडतो तर माझ्या जागी हौसा बसलेली आहे, काठी मांडीवर आडवी घेऊन.

"तवा बी तुमी खोटंच बोलला हुता," ती म्हणते. आता ती म्हातारी आहे. "तवा बी राखन मीच केली."

"बापाला सांगितलं न्हाईस ते बरं केलंस."

"सांगून काय? हुतं त्ये लगीन बी मोडलं असतं. दुसरा कोन करनार हुता तुमाला."

मेंढरांमधून वाट काढत आम्ही चालतो. एका मेंढराच्या पाठीवर मी हात ठेवतो तर ती उशी आहे. आम्ही आमच्या खालच्या खोलीत आहोत. खिडकीला लागून लोखंडी खाट, खाटेवर हौसा, अंगावर दोन गोधड्या. दिवाळी सरून आठवडा झालाय, रात्रीचे दहा वाजलेत. खिडकीतून दिव्याचा पांढरा उजेड तिच्या तोंडावर पडतोय. स्टुलावर औषधाच्या बाटल्या आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक मेंढरू अजून बसलेलं आहे.

मला पुढचं सगळं माहीत आहे. तरी तसंच होतं.

"अवो, धा मिंटं त्यो दिवा इझवा," हौसा म्हणते. "एकडाव बाज बगू द्या."

"असं इझवता येत न्हाई. नियम हाय. अंधारात कोन पडलं तर?"

"धा मिंटात कोन मरतंय?" ती म्हणते, आणि तिला स्वतःलाच हसू येतं. हसण्याचा खोकला होतो. मी पाणी देतो. करगोट्याची किल्ली मांडीला लागत असते.

"बरं, मग भाईर जाऊन बगून तरी या. कुटवर आली त्ये सांगा."

मी बाहेर जातो. मान वर करतो. आभाळ घासलेल्या तव्यासारखं राखाडी आहे, एकही चांदणी नाही. खांबाभोवती चिलटं फिरतायत. मी तिथं थोडा वेळ उभा राहतो, बघून आल्यासारखं वाटावं एवढा. मग आत येतो.

"माथ्यावर हाय," मी सांगतो. "चारी पाय दिसत्यात."

ती माझ्या अनवाणी पायांकडं बघते.

"मग झोपा तुमी," ती म्हणते.

मी खाटेच्या पायाशी जमिनीवर आडवा होतो. झोप लगेच लागते. सकाळी सून मला हलवून उठवते तेव्हा हौसा गार झालेली असते.

पण आत्ता सकाळ होत नाही. हौसा खाटेवरून पाय खाली सोडून बसते. पांढरा उजेड तिच्या पायांवर येतो.

"बाज कार्तिकात दिवस उगवायच्या आधी वर येती," ती म्हणते. "त्या वक्ताला ती आबाळात नव्हतीच. धनगराच्या लेकीला सांगता व्हय, माथ्यावर हाय म्हनून?"

"तुला ठावं हुतं?"

"मला ठावं न्हाई तर कुनाला?"

"मग बोलली का न्हाईस?"

ती गोधडीची घडी घालते, कडेला कडा लावून. "तुमी भाईर जाऊन आलासा. पायात चप्पल बी घातली नव्हती. म्हनलं, असू दे."

आता तरी रडू यायला हवं. मी वाट बघतो. येत नाही.

"आता हाय का बाज?" मी विचारतो.

"वैशाख हाय. ह्या वक्ताला उत्तरंला सगळी वर आली असंल. तुमचा चंद्र बगू देतोय व्हय?" ती हात पुढं करते. "किल्ली कुटं हाय?"

"करगोट्याला."

"पेन्शनीत निगाला तरी करगोट्याला किल्ली. देवळाचा पुजारी हाय जनू."

मी शिडीवर आहे. खालून हौसानं शिडी धरलीय, जशी मी बारा वर्षं दुसऱ्यांची धरली. मी चढतोय, पण वर खांब नाही, समोर कोपऱ्यावरची पेटी आहे आणि माझे पाय जमिनीवर आहेत. किल्ली कुलपात फिरते. आत चिनी मातीचे पांढरे फ्यूज ओळीनं बसलेत.

"मला आकडं येत न्हाईत," हौसा मागून म्हणते. "पर तिसरा तुमीच सांगितला हुता."

मी तिसरा धरून ओढतो. अंधार होतो. त्याचा काही आवाज होत नाही.

"बसा आता राखनीला," हौसा म्हणते. ती कुठं आहे ते दिसत नाही. "झोपू नका."

मी जागा होतो.

मी गोधडीवर उताणा आहे. एकशे चौदा विझलेला आहे. खाली गल्लीत माणसं बोलतायत. कुणीतरी म्हणतं, "घरातली हाय की लाईट, रस्त्यावरचीच गेली." माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. उघडतो. चिनी मातीचा फ्यूज आहे, अजून गरम. तळपायांना माती लागलीय. किल्ली करगोट्याला नाही, म्हणजे पेटीच्या कुलपातच राहिलीय.

झोपेत चालत गेलो असेन. जिना बाहेरूनच आहे.

"मामा, वर आहात ना?" सून, वैजू, मोबाइलचा उजेड धरून जिन्यात उभी आहे. "तुमच्या खात्यात फोन लावा की. सगळी गल्ली काळी पडलीय."

"लावतो. दहा मिनिटांनी."

"दहा मिनिटांनी कशाला?"

"तो मोबाइल विझव आणि ये."

ती येते. माझ्या पायांकडं बघते, मग मुठीकडं. कडेला गोधडीवर बसते, जिथं हौसा बसली होती तिथं.

उत्तरेला आभाळ अजून राखाडीच आहे, पुढच्या गल्ल्यांचा उजेड आहे. पण पाण्याची टाकी आणि मोबाइलचा टॉवर यांच्यामध्ये काहीतरी आहे. मी बोटानं दाखवतो. हा एक पाय. हा दुसरा. हा तिसरा. आणि हे मागचे तीन चोर.

वैजू डोळे बारीक करून बघते. "खाट म्हणता, मग एक पाय कमी आहे."

"आहे तिथं. अंधुक असतो."

"तुम्हाला दिसतोय?"

मी बघतो. बराच वेळ बघतो. खाली कुणीतरी पुन्हा लाईट, लाईट म्हणतंय.

"नाही," मी म्हणतो.

मी मूठ परत मिटतो. फ्यूज गार होत आलाय. मी त्या जागेवरून नजर काढत नाही.