रंभाबाईंची सोपी बाळंतपणं

भवानी पेठेत रंभाबाईंच्या बाळंतपणांचा मोठा बोलबाला होता. मांडीवर विड्या वळायचे सूप, ओठात पेटती विडी, आणि कळ आली की झटक्यात सुटका. थोरली बहीण अडून मेलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हापासून त्यांचे एकच शास्त्र: विडी ओढावी, मूल बारीक राहते, बाई वाचते. मुलगा नागनाथच्या बायकोला, तेजश्रीलाही, त्यांनी मायेने तेच शिकवले.

तेजश्रीचा पहिला मुलगा मुठीएवढा जन्मला. बरगड्या आत ओढल्या जात, ओठ निळे पडत. आईच्या मांडीवर तो श्वासासाठी झुंजला आणि हरला. देवाची इच्छा, असे सारे म्हणाले. अहो, देवाने तर श्वास दिला होता. धूर कोणी दिला?

दुसऱ्या खेपेला पोट चांगले भरले. रंभाबाई घाबरल्या. त्यांनी विडी पेटवली.

"वढ."

"न्हाय आत्या. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, पयलं ह्यानंच गेलं."

"सिस्टर तुझ्या कळा सोसणार हाय व्हय?"

त्यांनी सुनेचे केस धरले, जबडा दाबला, विडी ओठांत कोंबली. तेजश्रीने ती उपसली आणि सासूच्याच तळहातावर विझवली. कातडी चरचरली. रंभाबाईंनी सूप उचलून तिच्या खांद्यावर हाणले. तंबाखू घरभर उधळली.

पोटाभोवती दोन्ही हात आवळून तेजश्री म्हणाली, "मारा. पर तुमची पाच झाली न्हवं? नागनाथ सोडून बाकीची हायत कुटं?"

पुन्हा उगारलेले सूप थबकले. एकाला दूध ओढवले नव्हते. एक कुशीतच गार पडले होते. उरलेल्या दोघींचे तर बारसेही झाले नव्हते. सुटका सोपी झाली होती, ती आईची. लेकरे त्या धुरात गुदमरली होती.

तेवढ्यात नागनाथ विडी ओढतच आत आला. उगारलेले सूप त्याच्या तोंडावर बसले. ओठ फाटला.

"भाईर वढ. धूर आत आला तर हात मोडीन."

"आये, तूच पेटवून द्यायचीस की."

"व्हय. म्हणूनच मारतीया."

तेजश्रीच्या कळा लांबल्या. दवाखान्यात तिने किंकाळ्या फोडल्या, सासूच्या मनगटात दात रोवले. रक्त आले, तरी त्या माउलीने हात काढला नाही. मुलगी झाली; पाय झाडत, अशी रडली की शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली.

"लई भांडकुदळ हाय," रंभाबाई रडत म्हणाल्या.

"आज्जीवर गेलीया," तेजश्री म्हणाली.